उजव्या डोळ्यात कोन

दादा गेला तो मंगळवार होता. त्याने दुकान उघडलं, उदबत्ती लावली आणि खुर्चीत बसला. दुपारी शेजारच्या घड्याळवाल्याने वहिनीला फोन केला, वहिनीने मला. मी मुलीला घेऊन अमरावतीहून अकोल्याला बसने गेले. संध्याकाळी त्याला अग्नी दिला.

एवढं लिहायला मला वर्ष लागलं. पुढचं त्यामानाने सोपं आहे. पुढचं कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, आणि खरं न वाटणारं लिहिताना हात कमी जड होतो.

दादाचं अकोल्यात चष्म्याचं दुकान होतं. तो डॉक्टर नव्हता. डोळे तपासायचं शिक्षण घेतलं होतं आणि तीस वर्षं तेवढंच केलं होतं. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत तो हातातल्या दिव्याची रेघ डोळ्यावरून फिरवायचा आणि बाहुलीतून परत येणारी चमक बघून नंबर सांगायचा. पुढे नंबर काढायचं मशीन आलं. मशीनने काढलेला नंबरही दादा एकदा त्या दिव्याने ताडून पाहायचा. "मशीन खोटं नाई बोलत," म्हणायचा, "पन त्याले विचारा तेवढंच सांगते."

मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मुलगी दोन वर्षांची असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून तिची सायकल, तिचं दप्तर, तिचा पहिला चष्मा, सगळं मामाकडून आलं. ती सोळा वर्षांची होईपर्यंत चष्मे बरेच झाले. शेवटच्या एका वर्षात तीन. दर वेळी नंबर वाढलेला, तोही तिरपा, आणि उजव्या डोळ्याचा जास्त. ती सारखी डोळे चोळायची. मी मोबाइलला दोष देत होते. दादा काही बोलत नसे. जाण्याच्या पंधरा दिवस आधी त्याने तिला अंधाऱ्या खोलीत नेहमीपेक्षा जास्त वेळ बसवलं होतं आणि बाहेर येऊन म्हणाला होता, "चहा ठेव."

त्याचं आणि माझं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, शुद्धलेखनावरून. तो बोलायचा तसंच लिहायचा. आमच्या वऱ्हाडात ण तोंडातून न होऊनच बाहेर येतो, आणि दादाचा तो कागदावरही न होऊनच उतरायचा. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. मी वसतिगृहात असताना त्याची पत्रं यायची. मी ती पेन्सिलने दुरुस्त करून उत्तरासोबत परत पाठवायचे. पुढच्या पत्रात तो विचारायचा, "तू वाचून राहिली का तपासून राहिली?"

तर दुखवट्याचा पाचवा दिवस. घरात करायला काही नव्हतं आणि बसवत नव्हतं. दुकानात तयार चष्मे पडून होते, लोकांचे फोन येत होते. मी किल्ली घेऊन गेले. दादाची कार्डं बुटाच्या खोक्यांत होती, प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक. ती कशी लावली होती ते त्यालाच माहीत. मी ती वर्णानुक्रमे लावायला घेतली, कारण मला तेवढंच येतं.

घरच्यांचं खोकं वेगळं होतं. त्यातल्या कार्डांवर नंबराखाली तो वाटेल ते लिहायचा. वहिनीच्या कार्डावर होतं, "चष्मा सापडत नाही म्हनते. डोक्यावर असते." माझ्या कार्डावर, "वाचन कमी करने. करनार नाही." मुलीच्या कार्डावर शेवटच्या तारखेखाली एक ओळ होती: "उजव्या डोळ्यात कोन? अमरावतीले विचारने."

मी पिशवीतली पेन्सिल काढली. 'कोन'चं 'कोण' केलं, 'ले'चं 'ला' केलं, 'विचारने'चं 'विचारणे' केलं. आज विचाराल तर मला वाटतं, तेवढ्या पाच मिनिटांत तो मला जिवंत वाटत होता. मग दुरुस्त केलेलं वाक्य वाचलं. उजव्या डोळ्यात कोण? अमरावतीला विचारणे.

मी पुन्हा वाचलं. मग कार्ड घेऊन घरी आले आणि वहिनीला दाखवलं. ही दुसरी चूक. तिसरी चूक म्हणजे त्या वेळी खोलीत आत्या होती.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. बार्शीटाकळीला असते, वय अठ्ठ्याहत्तर. माणूस गेलं की तेरवीपर्यंत मुक्काम करायचा हा तिचा नेम आहे आणि त्या दिवसांत ती घराची सूत्रं हातात घेते.

"वाच," ती म्हणाली. वहिनीने वाचलं.

आत्याने कार्ड हातात घेतलं. मग म्हणाली, "पोरीच्या डोयात कोनीतरी भरलं हाये. त्याले समजलं होतं."

"आत्या, ते डोळे तपासायचं कार्ड आहे," मी म्हणाले.

"मंग? त्यानं डोयातच पाह्यलं ना? तुले काय वाटते, त्याले भिंगातून नंबरच दिसे?"

मी शिकलेली बाई आहे. माझा यावर विश्वास बसला नाही. पण मुलगी सोळा वर्षांची, अलीकडे अबोल, डोळे कायम लाल, आणि दादाने जाण्याआधी लिहिलेली शेवटची ओळ तिच्याबद्दलची. मी आत्याला गप्प केलं नाही, एवढं मला कबूल करायला हवं.

आत्याने चौकशी सुरू केली. पहिल्यांदा मुलीला समोर बसवलं.

"खरं सांग वं माय. डोयात कोन हाये तुह्या?"

"कोणी नाही, आजी. खाज येते नुसती."

"खाज येते म्हून रडते का?"

"रडत नाहीये. चोळते."

"काहून चोयते?"

"खाज येते म्हणून!"

"पाह्य," आत्या वहिनीला म्हणाली, "गोल गोल फिरवून राहिली. हाये कोनीतरी."

मग 'उजव्या'चा अर्थ काय, यावर दोन दिवस गेले. वहिनीचं म्हणणं, वर्गात उजवीकडच्या बाकावर बसणारा. आत्याचं म्हणणं, घराच्या उजव्या हाताला राहणारा. अमरावतीत आमच्या घराच्या उजवीकडे एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात, असं मी सांगितलं. आत्याने त्यांचं वय विचारलं. मी पंचाहत्तर सांगितलं. ती म्हणाली, "नातू असंल."

याच दिवसांत एका संध्याकाळी दादाच्या फोटोपुढे दिवा लावताना मुलगी सहज म्हणाली, "मला तीन तीन दिसतायत."

"काय?"

"मामा. आणि दिवा. डावा डोळा झाकला की एकावर एक, तीन. दिव्याला शेपट्या पण आहेत."

हे ऐकून ज्यांनी तिला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं अशा तीन मोठ्या बायका त्या खोलीत होत्या. वहिनीने तोंडाला पदर लावला. आत्याने हात जोडले. तिच्या मते दादाचा जीव पोरीत अडकला होता आणि म्हणून तो तिला तिप्पट दिसत होता. मला वाटलं, पोरीचे डोळे भरून आले असतील. माझेही आले होते, मलाही दोन दिसत होते.

दहाव्याला आम्ही मोर्णेच्या काठी गेलो. पिंड ठेवला. कावळा येईना. खूप वेळाने एक आला, झाडावर बसला आणि बघत राहिला. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन कबूल करू लागला. वहिनीने कबूल केलं, दुकान बंद करणार नाही. मी कबूल केलं, अडकलेले चष्मे सगळे पोचवीन. घड्याळवाला म्हणाला, दुकानाकडे लक्ष ठेवीन. कावळ्याने मान वळवली. ऊन चढत चाललं होतं, गुरुजींना पुढचं काम होतं.

शेवटी आत्या पुढे झाली. पदर खोचून, झाडाकडे बघून, रागावल्यासारखी म्हणाली, "बापा, पोरीच्या डोयातला कोन आमी शोधून काढू. आता खाय!"

कावळा उतरला आणि खाऊन गेला.

मी तिथे उभी होते. हे मी जसं पाहिलं तसं लिहिते आहे. यावरून काय समजायचं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. पण आत्याला कळलं होतं. तेरवी झाल्यावर ती बार्शीटाकळीला गेलीच नाही, आमच्यासोबत अमरावतीला आली. "अमरावतीले विचारने" हा दादाचा हुकूम होता.

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मुलीने फलाटावरची पाटी वाचायचा प्रयत्न केला, डोळे बारीक करून, मान वाकडी करून. आत्याने मला कोपराने ढोसलं. "कोनाले शोधून राहिली पाह्य."

अमरावतीत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या पोस्टमास्तरांकडे गेली. मी मागोमाग धावले.

"तुमच्या घरी जवान कोन हाये?" तिने विचारलं.

ते विचारात पडले. "मांजर आहे," ते म्हणाले. "पण तीही आता थकली."

मग ती राजकमल चौकातल्या शिकवणीच्या दारात जाऊन उभी राहिली. मुलीबरोबर जिना उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला तिने थांबवून त्याच्या वडिलांचं काम विचारलं. त्यानंतर मुलगी शिकवणीला जायला तयार होईना. रात्री जेवताना म्हणाली, "आई, तू त्यांना सांगत का नाहीस?" मी म्हणाले, "काय सांगू?" ती म्हणाली, "की कोणी नाही." मी वरणाची वाटी पुढे सरकवली. ती उजव्या हाताच्या मुठीने डोळा चोळत होती, आणि मी ते बघत होते.

असा दीड महिना गेला.

एका रविवारी वहिनी अकोल्याहून आली. दादाचा फोन ती अजून रोज चार्ज करायची आणि पिशवीत घालून बरोबर न्यायची. दुपारी तो वाजला. वहिनीने घाबरून उचलला आणि चुकून स्पीकर लागला. एका तरुण बाईचा आवाज आला.

"दादा, मी परत आले. तुम्ही तो कोन अजून आणला नाही."

"कोन?" वहिनी म्हणाली.

"हो, कोन."

"कोन बोलून राहिलं?"

"कोनबद्दलच बोलतेय. उजवा. तुमच्या भाचीचा."

आत्या ताडकन उठून बसली. "विचार, विचार! कोन हाये ते विचार!"

"बाई," वहिनी म्हणाली, "कोन हाये तो? नाव सांगा त्याचं."

"नाव? केराटोकोनस."

आत्याने क्षणभर विचार केला. "आडनाव वाटते," ती म्हणाली. "आपल्याइकडचं नाई."

मी फोन घेतला. दादा गेला हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग तिने आपण कोण ते सांगितलं. ती अमरावतीतली डोळ्यांची डॉक्टर, बुबुळाच्या आजारांची. पुढच्या शिक्षणासाठी दोन महिने बाहेर होती. बुबुळावरचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा गोल असायचा, तो कधीकधी वाढत्या वयात पातळ होऊन पुढे येतो, शंकूसारखा, म्हणजे इंग्रजीतल्या 'कोन'सारखा. त्या आजाराचं हे लांब नाव, आणि चष्मेवाले आपसात नुसतं 'कोन' म्हणतात. खात्री झाल्याशिवाय घरच्यांना घाबरवायचं नाही असं दादा म्हणाला होता. म्हणून त्याने प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

"डोळे चोळते का ती?" तिने विचारलं.

"हो."

"आजपासून बंद. यात चोळण्याने नुकसान होतं."

मी फोन ठेवला. कार्ड आणलं. 'कोण'वरचा माझा ण अगदी सुबक होता. मी तो खोडरबराने पुसायला गेले तर खालचा कागद निघाला.

मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत्याकडे वळली आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "ऐकलं का, आजी? माझ्या डोळ्यात कोणी नाहीये! शंकू आहे, शंकू!"

आत्याने शांतपणे विचारलं, "शंकू? कोन्या घरचा?"

मुलगी हसायला लागली. वहिनीही. मग वहिनी रडायला लागली आणि आत्या सगळ्यांना विचारत राहिली की हसण्यासारखं काय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात होतो. चौघीही, कारण आत्याला मागे ठेवणं शक्य नव्हतं. डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची दिसत होती. तिने खोली अंधारी केली आणि दादासारखाच रेघेचा दिवा मुलीच्या डोळ्यावर फिरवला. मग मला जवळ बोलावून बाहुलीत बघायला सांगितलं. डाव्या डोळ्यात लाल चमक दिव्याबरोबर सरळ सरकत होती. उजव्यात तिचे दोन तुकडे होत आणि कात्रीच्या पात्यांसारखे उघडत, मिटत.

"दादांना ही कात्री दिसली असणार," ती म्हणाली. "मशीनने फक्त नंबर वाढलाय एवढंच सांगितलं असतं."

मग तिने खणातून एक पुठ्ठा काढला. ताटलीएवढा गोल, त्यावर काळ्यापांढऱ्या रंगाची एकात एक वर्तुळं, मध्ये भोक, भोकाला भिंग. मी तो हातात घेतला. मागच्या बाजूला अर्धं कॅलेंडर दिसत होतं आणि दादाच्या अक्षरात "सरय पकडने". डॉक्टर हसून म्हणाली, त्यांना 'सरळ' म्हणायचं असावं. माझी पेन्सिल पिशवीतच राहिली. असे पुठ्ठे त्याने तिला डझनभर करून दिले होते. शाळांतून तपासणी करताना ती ते वापरायची.

तिने मुलीला उजेडाकडे पाठ करून बसवलं, पुठ्ठा डोळ्यासमोर धरला आणि भोकातून पाहिलं. मग मला पाहू दिलं. डाव्या बुबुळावर वर्तुळांचं प्रतिबिंब गोल पडलं होतं, पाण्यात खडा टाकल्यासारखं. उजव्यावर ती खालच्या बाजूला एकमेकांत गर्दी करत होती आणि अंड्यासारखी लांबट झाली होती.

"म्हणजे नक्की?" मी विचारलं.

"नाही. पुठ्ठा फक्त संशय सांगतो. सुरुवातीचा कोन यातून सुटू शकतो, आणि कधी नसलेलाही दिसतो. नक्की सांगायला बुबुळाचा नकाशा काढणारं यंत्र लागतं. पण प्रत्येक पोराला त्या यंत्रावर पाठवलं तर निम्मे आईबाप खर्च ऐकूनच येत नाहीत. आधी दिवा, मग पुठ्ठा, आणि ज्यांच्यात काही दिसलं तेवढेच यंत्राकडे."

"यंत्र कुठे आहे?"

"कमी पैशात करायचं असेल तर एका धर्मादाय दवाखान्यात. अकोल्याला."

तिने पत्ता लिहून दिला. दादाच्या दुकानापासून तीन गल्ल्या सोडून.

तोपर्यंत आत्या स्वतःच स्टुलावर जाऊन बसली होती. "माह्याही डोयात पाह्य," तिने डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने पुठ्ठा धरला. "गोल आहेत, आजी. छान. मोतीबिंदू मात्र पिकलाय दोन्हीकडे."

"कोनी नाई ना?"

"कोणी नाही."

"मायं वय गेलं आता," आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात आम्ही अकोल्याला परत गेलो. यंत्राने मुलीच्या बुबुळाचा रंगीत नकाशा काढला, उजव्याच्या खालच्या भागात तांबडा डोंगर. संशय राहिला नाही. नंतर क्रॉस-लिंकिंग झालं. डोळ्यात जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब, वर निळसर उजेड, म्हणजे पातळ झालेला पडदा कडक होतो आणि आणखी पुढे येत नाही. आला तेवढा मागे जात नाही. त्यानंतरचे चार दिवस डोळा फार दुखला. आत्या पलंगाशी बसून तिचे दोन्ही हात धरून ठेवायची, झोपेतही चोळू नये म्हणून. मुलगी म्हणाली, "आजी, आता सोड, शू लागलीये." आत्या तिथपर्यंतही हात धरून गेली.

मी डॉक्टरला एकदा एकटीने भेटले. कार्डाची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. मी विचारलं, "त्या दीड महिन्यात किती वाढलं असेल?" तिने दादाच्या कार्डावरचे आकडे पाहिले, यंत्राचा कागद पाहिला. म्हणाली, "दोन्ही मोजमापं वेगळी आहेत. ते कोणी सांगू शकत नाही." मग म्हणाली, "दादांनी पाहिलं नसतं तर आणखी दोन वर्षं तुम्ही चष्मेच बदलले असते." दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी दोन्ही घेऊन घरी आले.

आता शनिवारी मी डॉक्टरबरोबर भातकुलीकडच्या शाळांत जाते. मुलं रांगेत उभी राहतात, ती पुठ्ठा धरते, मी नावं लिहिते. वर्षभरात नंबर दोनदा बदललाय का, डोळे चोळतोस का, हे दोन प्रश्न मी विचारते. मुलं सांगतात तसंच लिहून घेते, 'डोया चोयतो' म्हणाला तर 'डोया चोयतो'. वहिनीने दुकान चालू ठेवलंय. डोळे तपासायला आठवड्यातून दोन दिवस एक मुलगी येते. आत्याचे दोन्ही मोतीबिंदू निघाले. ती रोज सकाळी बार्शीटाकळीहून फोन करून "चोयला का?" एवढंच विचारते आणि उत्तर ऐकून ठेवून देते.

मागच्या महिन्यात पुन्हा नकाशा काढला. आकडे वाढलेले नाहीत. डाव्या डोळ्याने मुलीला तक्ता पूर्ण वाचता येतो. उजव्याने, कडक लेन्स घालून, शेवटच्या दोन ओळी सोडून.